तसाच अजून एक

बहिणीचा फोन रात्री साडेदहाला आला म्हणजे एकतर कुणीतरी आजारी असतं नाहीतर तिला माझ्याकडून काहीतरी विणून हवं असतं. यावेळी मागून रडण्याचा आवाज येत होता म्हणून आधी पोटात गोळाच आला. "ताई, ढब्बू हरवला," ती म्हणाली, "प्रवासात कुठंतरी राहिला. तसाच अजून एक विणून दे ना गं, हा झोपतच नाहीये."

ढब्बू म्हणजे भाच्यासाठी मी तीन वर्षांपूर्वी विणलेला एक राखाडी प्राणी. नुसतं प्राणी म्हणते, कारण त्याच्या पुढचं मलाही नक्की माहीत नाही. सुरुवात हत्तीपासून केली होती, सोंडेपर्यंत येता येता राखाडी लोकर संपत आली, मग म्हटलं चला पाणघोडा करू, पाणघोड्याचं तोंड काही जमेना, शेवटी चार आखूड पाय, दोन गोल कान आणि मधे भलंथोरलं पोट असं जे काही झालं ते झालं. भाचा तेव्हा वर्षाचा होता. त्यानं उचलला, एक कान तोंडात घातला, विषय संपला.

"हो, देते की" म्हणून मी फोन ठेवला आणि मग डोक्यात उजेड पडला. तसाच कसा देणार? कुठं एक अक्षर लिहून ठेवलेलं नाही. किती टाके घातले, कुठं वाढवले, कोणत्या नंबरची सुई, काहीच नाही. मी पॅटर्न बघून विणत नाही आणि विणलेल्याचा पॅटर्न करूनही ठेवत नाही. आजपर्यंत हे मी जरा ऐटीतच सांगायचे.

खरं तर त्यात ऐट मारण्यासारखं काही नाही. मला पॅटर्न वाचता येतात, पण चाळिसाव्या ओळीपर्यंत टिकत नाही. "पुढच्या 6 ओळी 3ऱ्या ओळीप्रमाणे" असं आलं की मी 3ऱ्या ओळीकडे जाते आणि परत येताना कुठं होते तेच विसरते. शिवाय पॅटर्नमधलं मूल म्हणजे एक सरासरी मूल, "6 ते 12 महिने" असं लिहिलेलं, आणि आमच्याकडची पोरं कधीच सरासरी निघाली नाहीत. एकाचं डोकं मोठं, दुसरीचे हात लांब, तिसऱ्याला गळ्याशी काही टेकलेलं चालत नाही. मला विणायला शिकवलं आईनं, आणि तिच्याकडं टेप असूनही ती टेप वापरायची नाही. ज्याच्यासाठी विणायचं त्याचा होणारा एखादा जुना कपडा आणायची, पलंगावर पसरायची, त्यावर विणलेलं ठेवून बघायची, "अजून चार बोटं" म्हणायची आणि परत विणायला लागायची. पायमोज्यांसाठी मुलाची मूठ. मूठ मिटली की तिच्या घेराइतकी साधारण पावलाची लांबी असते, हे तिला कुणी सांगितलं माहीत नाही, पण मी पुष्कळ पोरांवर करून पाहिलंय आणि बऱ्यापैकी जमतं. झोपलेल्या बाळाचं पाऊल मोजायला गेलं तर ते पाय आखडतं, मुठीला मात्र काही पडलेली नसते.

आणि तसं बघायला गेलं तर छापील पॅटर्न घरोघरी पोचले ते 19व्या शतकात. त्याआधी कित्येक शतकं लोक विणतच होते की, लक्षात ठेवून, दुसऱ्याचं बघून, अंगावरचा मोजा उलटा करून टाके मोजून.

पण पॅटर्न नाही म्हणजे हिशोब नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा वर्षाच्या मुलाची टोपी अंदाजानं विणून बघावी. मी बघितली आहे. ती टोपी माझ्या नवऱ्याला झाली. तेव्हापासून एक तुकडा आधी विणते, म्हणजे विणतेच, कितीही घाई असली तरी. ज्या लोकरीनं आणि ज्या सुयांनी करायचं त्यांनीच चांगला तळहाताएवढा चौकोन. धुवायचा, वाळवायचा, मग पट्टी ठेवून 10 सेंटिमीटरमधे टाके किती आले ते मोजायचे. समजा 22 आले. वर्षाच्या मुलाचं डोकं साधारण 46 सेंटिमीटर. टोपी ताणून बसायला हवी म्हणून 5 सेंटिमीटर कमी धरायचं, राहिले 41, म्हणजे झाले 90 टाके. पण 90 घालायचे नाहीत, 88 घालायचे, कारण खाली दोन सुलट दोन उलटची बॉर्डर घ्यायची तर 4 नं भाग जायला हवा, आणि वर गोल मिटवताना 8 भाग पाडले की एकेका भागात 11 टाके येतात, एक फेरी सोडून एक प्रत्येक भागात एक टाका घटवत गेलं की दहा वेळा घटवून शेवटी 8 उरतात, त्यांच्यातून धागा ओवला, ओढला, संपलं. हे सगळं पाकिटाच्या मागं लिहून होतं. नंतर ते पाकीट मी फेकून देते, ती वेगळी गोष्ट.

उभा आणि आडवा टाका सारखा नसतो हे मला फार उशिरा कळलं. समोरून सुलट दिसणारी साधी वीण असली की टाका उंचीपेक्षा रुंद असतो, त्यामुळं 22 टाक्यांना 10 सेंटिमीटर होत असतील तर तेवढीच उंची गाठायला 30 च्या आसपास ओळी लागतात. पहिलं चौकोनी दुपटं मी जितके टाके तितक्या ओळी विणून केलं होतं आणि ते कुणीतरी वरून बसल्यासारखं दिसायचं. त्यापेक्षा सगळ्या ओळी सुलट विणल्या तर काम सोपं, दोन ओळींची मिळून एक धार तयार होते आणि जितके टाके तितक्या धारा झाल्या की चौकोन झाला, मोजायचं कामच नाही. वर कडा गुंडाळत नाहीत. साधी वीण कडेनं सुरळी होते ती होतेच, इस्त्री फिरवा, काही करा.

स्वेटरचा एक हिशोब मात्र माझा नाही, तो एलिझाबेथ झिमरमनचा. 1910 साली इंग्लंडमधे जन्मलेली, पुढं अमेरिकेत विस्कॉन्सिनला राहिलेली ही बाई, हातानं विणणाऱ्यांना तिनं एका वाक्यात सोडवलं असं मला वाटतं. छातीच्या घेराचे टाके म्हणजे 100 धरा, बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत. मनगटाला 20, दंडाला 33 च्या आसपास, गळ्याला 40. बास. लोकर कुठलीही घ्या, सुई कुठलीही घ्या, माणूस कुठलंही घ्या.

फक्त लहान मूल घेऊ नका, हे मी माझ्या पदरचं घालते. मोठ्या माणसाची छाती डोक्याच्या मानानं बरीच मोठी असते. जन्माला येताना बाळाचं डोकं छातीपेक्षा किंचित मोठंच असतं, वर्षाच्या आसपास दोन्ही जवळपास सारखे होतात आणि मग कुठं छाती पुढं जाते. आता 46 च्या छातीचा 40 टक्के गळा आणि त्यातून 46 चं डोकं. मी पहिल्यांदा टक्क्यांचा हिशोब शिकले तेव्हा इतकी खूश होते की तीन दिवसांत एक पिवळा स्वेटर उतरवला आणि मैत्रिणीच्या मुलीला घालायला घेतला. डोकं अर्धं गेलं आणि अडकलं. आत अंधार, नाक दाबलेलं, दोन्ही हात वर, आणि आतून जो काही भोंगा सुरू झाला की शेजारचे दार वाजवायला आले. वर ओढावं तर कान, खाली ओढावं तर हनुवटी. शेवटी मैत्रीण म्हणाली, "काप." मी कात्री घेतली. पुढचे सहा महिने ती मुलगी मला बघितलं की दोन्ही हातांनी कान धरायची. आता लहानांचा स्वेटर करताना मी खांद्यावर काज-बटण ठेवते नाहीतर सरळ पुढून उघडा करते, आणि गळ्याचे टाके बंद करताना हात जेवढा सैल सोडता येईल तेवढा सोडते.

बाकी अपघात किरकोळ. एकदा शुद्ध लोकरीची बंडी कुणीतरी गरम पाण्यात मशीनला लावली आणि ती बाहुलीची होऊन आली. लोकरीच्या केसाला खवले असतात, गरम पाण्यात घुसळलं की ते एकमेकांत अडकतात आणि मग आटलेलं परत सुटत नाही. तेव्हापासून लहान मुलांच्या घरी देताना मी मशीनमधे चालणारीच लोकर घेते. नाहीतर ॲक्रिलिक. शुद्ध लोकरवाले नाक मुरडतात, मुरडू देत, रात्री दोन वाजता ओकलेलं दुपटं हातानं कोमट पाण्यात धुवायला ते येणार नाहीयेत.

एका बाबतीत मात्र मी अगदी खडूस आहे. बाळाच्या कपड्याला गळ्याशी लोंबणारी दोरी नाही, खेळण्याला बटणाचे डोळे नाहीत, डोळे काळ्या धाग्यानं भरायचे. मोठ्या भोकांची जाळीची वीण तान्ह्या बाळासाठी नाही, कारण त्यात बोटं जातात. आणि मोज्याच्या, हातमोज्याच्या आत एकही सुटा धागा नाही, कारण तो पायाच्या इवल्याशा बोटाला गुंडाळला तर रक्त थांबतं, बाळ रडत राहतं आणि का रडतंय ते कुणालाच कळत नाही. दोन रंगांची नक्षी आत लांब लांब धागे सोडते म्हणून ती मी मोज्यांत घेतच नाही, सरळ पट्टे घेते. हे मी ज्याला त्याला इतक्या वेळा ऐकवलंय की आमच्या विणणाऱ्या बायकांच्या ग्रुपमधे कुणी भोकाभोकाचं काही टाकलं की बाकीच्या आधीच लिहितात, "आता ती येणार बघ." हे इथं सांगून ठेवते, पुढं लागणार आहे.

पट्ट्यांवरून आठवलं. ब्रिटिश म्युझियममधे एक लहान मुलाचा मोजा आहे, इजिप्तमधल्या अँटिनोपोलिस नावाच्या जुन्या शहराच्या कचऱ्यात सापडलेला, सुमारे 1700 वर्षांपूर्वीचा. आपण दोन सुयांनी विणतो तसा तो नाही, एका जाड सुईनं धाग्याच्या फासात फास ओवत केलेला आहे. अंगठा वेगळा, चपलेचा पट्टा मधे बसावा म्हणून. आणि पट्टे, रंगीबेरंगी. 2018 मधे त्याचा वेगवेगळ्या प्रकाशात फोटो काढून अभ्यास केला तेव्हा कळलं की रंग दिसायला बरेच असले तरी ते तीनच वनस्पतींपासून काढलेत, एक लाल, एक निळा, एक पिवळा, आणि बाकीचे एकमेकांत मिसळून केलेले. मी तो फोटो मोबाइलवर कितीतरी वेळ मोठा करून बघत बसले होते. ज्या कुणी तो केला तिच्याकडं (माझ्या डोक्यात ती बाईच आहे, पुरावा काही नाही) छापील कागद नक्की नव्हता. समोर एक पाऊल होतं आणि ते पाऊल बहुतेक स्थिर बसत नव्हतं.

तो मोजा डाव्या पायाचा आहे. उजव्याचा पत्ता नाही.

जोडी हा पॅटर्नशिवाय विणणाऱ्याचा खरा शत्रू. पहिला मोजा मजेत होतो, मनाला येईल तसा. दुसरा विणताना मात्र आपणच आपले कारकून. टाच कितव्या ओळीला वळवली, घोट्याशी दोन टाके कमी केले होते की तीन, मांडीवर पहिला मोजा पालथा घालून नखानं एकेक ओळ मोजत बसायचं. आई यावर तोड काढून बसली होती, दोन्ही बाह्या एकाच सुईवर दोन वेगळ्या गुंड्यांनी बरोबरच विणायची, म्हणजे चूक झाली तरी दोन्हीकडे सारखीच होईल. दोन गुंडे एकमेकांत असे गुंतायचे की अर्धा वेळ ते सोडवण्यात जायचा, पण बाह्या सारख्या. हातसुद्धा सारखाच लागतो म्हणायची, कारण आज रागात असलीस तर दोन्ही बाह्या रागात होतील.

हे तेव्हा मला विनोद वाटायचं. ढब्बूच्या वेळी कळलं.

बहिणीनं त्याचे होते नव्हते तेवढे फोटो पाठवले. एकवीस. त्यातल्या चौदात तो काखेत चेपलेला. एका फोटोत त्याचं पोट बऱ्यापैकी सरळ समोर आलं होतं, तो मी मोठा केला आणि पेन्सिलचं टोक स्क्रीनला लावून टाके मोजले. 31 आले. परत मोजले, 33 आले. दिसतात ते निम्मे धरले तर सगळा घेर 62 किंवा 66, पण मला मी माहीत आहे, मी 8 च्या पाढ्यात विणते, म्हणजे 64. स्वतःच्याच कामाचा असा पोलिसी तपास करायची वेळ आली होती. पाय मोजले, कान मोजले. एका फोटोत मान एका बाजूला पडलेली दिसली, नुसती लुळी, आणि मला वाईट वाटलं की तेव्हा मानेत कापूस नीट भरला नव्हता वाटतं. यावेळी घट्ट भरायचा असं ठरवलं.

राखाडी लोकर त्याच कंपनीची, त्याच शेड नंबरची मिळाली, पण लॉट वेगळा. लेबलवर दोन नंबर असतात आणि दुसरा जुळला नाही तर रंग उन्नीस-बीस होतो, दिव्याखाली कळत नाही, खिडकीपाशी नेलं की कळतं. ठीक आहे म्हटलं, चार वर्षांचं पोरगं काय लॉट बघणार.

पोट विणायला घेतलं तळापासून. 8 टाके गोलात, मग एक फेरी साधी, एका फेरीत 8 वाढवायचे, परत एक साधी. सपाट गोल असा तयार होतो. वाढवायला विसरलं की कडा वर उचलतात आणि वाटी होते. जास्त वाढवले की कडेला जागा पुरत नाही आणि झालर पडते. या झालरीचं एक मला फार आवडतं. डायना टायमिना नावाच्या गणितज्ञ बाईनं 1997 मधे क्रोशाच्या सुईनं मुद्दाम अशी झालर होईल इतके टाके वाढवत नेले आणि हायपरबोलिक पृष्ठभाग, म्हणजे सगळीकडे असाच झालरीसारखा वळत जाणारा, जो गणितवाल्यांना कागदावर चितारायलाही अवघड जायचा, तो हातात धरता येईल असा करून दाखवला. आमच्याकडं त्याला "टाके जास्त झाले, उसव" म्हणतात. जुन्या ढब्बूच्या कानांना थोडी झालर होती, ती चुकून. नव्याच्या कानांना मी ती चूक मोजून केली.

तीन संध्याकाळी विणलं आणि तरी काहीतरी वेगळं होत होतं. टाके तेवढेच, लोकर तीच, आणि हा मात्र बारीक. तेव्हा मी कशी विणायचे? जुन्या फोटोतली वीण बघितली तर टाके ढगळ, आरामात पसरलेले. ते माझं नोकरी सुटलेलं वर्ष होतं, दुपारी खिडकीत बसून विणायचे, कुठं जायचं नसायचं. आता ऑफिसातून येऊन, खांदे कानाला लागलेले, दोन मीटिंगांमधे राहिलेलं डोक्यात घोळवत विणत होते. हात घट्ट. एक नंबर मोठी सुई घेतली, सगळा उसवला, परत सुरू केला. उसवलेली लोकर नूडलसारखी कुरळी होते, तिला वाफ देऊन सरळ करायची असते, ते न करता तशीच वापरली, घाई होती. पण यावेळी पोट आलं.

मग कामाचा हुरूपच आला. जुन्यात डोकं धडाला जोडताना टाके नीट जुळले नव्हते हे फोटोत स्पष्ट दिसत होतं, ते नव्यात एकेक टाका समोरासमोर घेऊन असे शिवले की जोड सापडू नये. मानेत कापूस ठासून भरला. डोळे दोन्ही एका रेषेत. शेपूट तीन टाक्यांची, दोन्ही टोकं उघडी असलेल्या सुईवर, न वळवता परत परत त्याच बाजूनं विणत गेलं की आपोआप गोल दोरी होते तशी. जुन्याची शेपूट मी घाईत नुसती वेणी घालून लावली होती. थोडक्यात काय, दिला होता त्यापेक्षा चांगला ढब्बू तयार झाला.

शनिवारी घेऊन गेले. भाच्याला सांगितलं होतं की ढब्बू परत येतोय. बहिणीनं "ढब्बू अंघोळ करून आलाय म्हणून जरा वेगळा दिसतोय" अशी भूमिका आधीच तयार ठेवली होती. त्यानं तो हातात घेतला, वास घेतला. कान तोंडात घालून बघितला, चालला. पोट दाबलं. मग त्याला पालथा केला आणि अंगठा मानेवर घासायला लागला, एकदा, दोनदा, जोडावरून पुढं मागं, काहीतरी शोधत असल्यासारखा, आणि चेहरा बदलत गेला.

"मावशी, इथलं भोक कुठंय?"

"कसलं भोक रे?"

"बोटाचं."

बहीण माझ्याकडं बघायला लागली, मी तिच्याकडं. "अगं हो," ती म्हणाली, "झोपताना मानेत बोट घालून असायचा ना. त्यातूनच तर कापूस काढायचा थोडा थोडा. मला उशीखाली सापडायचा."

म्हणजे ती मान माझ्या कापसानं लुळी पडली नव्हती. आणि जो जोड मी इतक्या अभिमानानं बंद केला होता, तिथं याचं तीन वर्षं घर होतं.

पर्समधे सुई होतीच. मी ढब्बूला मांडीवर पालथा घेतला, मानेपाशी जोडाचे दोन टाके कापले, एक टाका सोडला, तीन ओळी खाली उतरू दिला आणि तो आणखी उसवत जाऊ नये म्हणून खालून धाग्यानं पक्का केला, कडेनं टाचत आले, बहीण शेजारी बसून "आता ती येणार बघ" असं पुटपुटत हसत होती. भाचा माझ्या गुडघ्याला रेलून, श्वास रोखून बघत होता. धागा तोडला आणि ढब्बू त्याच्या हातात दिला.

त्यानं अंगठा घालून बघितला. मग बोट घालून बघितलं, आत जरा फिरवलं.

"अजून मोठं," म्हणाला.